टाकाऊ क्ष-किरण फिल्ममधील चांदी : रजतभस्म, रजताचे सूक्ष्मकण आणि औषधनिर्मात्याची जबाबदारी

परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूर, पाथरी यांपैकी कोणत्याही गावातील जुन्या रुग्णालयाचे अडगळीचे कपाट उघडले, तर क्ष-किरण फिल्मचे धूळ खात पडलेले गठ्ठे हमखास निघतात. संगणकीय पद्धती आल्यापासून रसायनात धुवाव्या लागणाऱ्या फिल्मचा वापर खूपच घटला. तथापि जुना साठा आहे तेथेच आहे, आणि चांदीचा भाव चढला की भंगारवाले त्याची चौकशी करू लागतात. त्यातच, टाकाऊ फिल्मपासून रजताचे अब्जांश कण, म्हणजे प्रचलित भाषेत नॅनोकण, तयार करून त्यांची जंतुघ्न शक्ती तपासल्याचे शोधनिबंध वाचनात येऊ लागले. साहजिकच वैद्य व औषधनिर्माते यांच्यासमोर दोन प्रश्न उभे राहतात. या चांदीपासून व्रणासाठी जंतुघ्न मलम करता येईल काय? आणि हीच चांदी रजतभस्मासाठी चालेल काय?

हे दोन्ही प्रश्न वरवर एकच वाटतात. परंतु त्यांची उत्तरे वेगळी आहेत. ती वेगळी का आहेत हे नीट समजले नाही, तर औषधनिर्माता परवान्याच्या दृष्टीने अडचणीत येतो आणि रुग्ण त्याहून मोठ्या अडचणीत येतो.

चांदी कोठे असते?

क्ष-किरण फिल्म म्हणजे प्लॅस्टिकच्या पारदर्शक पत्र्यावर चढविलेला जिलेटिनचा थर. या जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक स्फटिक असतात. किरण पडलेल्या भागातील स्फटिकांचे डेव्हलपरमध्ये धातुरूप चांदीत रूपांतर होते व तो भाग काळा दिसतो. उरलेले ब्रोमाइड फिक्सरमधील सोडियम थायोसल्फेट विरघळवून घेते. म्हणजे एकाच फिल्मची चांदी दोन वाटांनी जाते : काळ्या भागातील फिल्मवर राहते, पांढऱ्या भागातील फिक्सरच्या कॅनमध्ये उतरते. निरनिराळ्या अभ्यासांत एक किलो वापरलेल्या फिल्ममागे साधारणतः ५ ते १५ ग्रॅम चांदी मिळाल्याचे आढळते. वापरून जुना झालेल्या फिक्सरमध्ये लिटरमागे दोन ग्रॅमपासून सात-आठ ग्रॅमपर्यंत चांदी असू शकते. आजकालच्या लेझर छपाईच्या कोरड्या फिल्ममध्येही बहुधा चांदीचेच सेंद्रिय लवण असते. तेथे फिक्सर लागत नाही, त्यामुळे सर्व चांदी फिल्मवरच राहते.

फिल्मखेरीज चांदीचे इतर टाकाऊ स्रोत आहेत, आणि खरा धोका त्यांच्यात आहे. विद्युत रिलेच्या व कॉन्टॅक्टरच्या संपर्कबिंदूंत चांदी भरपूर असते, परंतु त्यांपैकी अनेकांत ती कॅडमियम ऑक्साइडसह असते. सोनाराकडील मोडीच्या दागिन्यांत डागाच्या जागी कॅडमियम, जस्त व तांबे येते. दातात भरावयाच्या जुन्या मिश्रणात चांदीबरोबर जवळजवळ निम्मा पारा असतो. चांदी ९६२ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, तर कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळते. म्हणजे असली मोड मुशीत घालून भट्टीवर ठेवली, की चांदी वितळण्यापूर्वीच कॅडमियमची वाफ भट्टीशी बसलेल्या कामगाराच्या फुप्फुसात जाते. ती वाफ जीवघेणी ठरू शकते. फिल्मची चांदी या तुलनेत स्वच्छ म्हणावी लागेल. म्हणूनच 'चांदी ती चांदी, कोठूनही आली तरी काय' हे व्यापाऱ्याचे म्हणणे औषधनिर्मात्याने मान्य करू नये.

काढण्याच्या रीती

भंगाराच्या धंद्यातील सर्वांत जुनी रीत म्हणजे फिल्म जाळून राख वितळविणे. तीत प्लॅस्टिकचा घातक धूर होतो आणि पुष्कळ चांदी राखेबरोबर उडून जाते. ही रीत कोणीही वापरू नये, एवढेच म्हणणे पुरे.

दुसरी रीत जिलेटिनचा थर सोडविण्याची. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावात फिल्म बुडविल्यास थर सुटतो आणि काळा गाळ तळाशी बसतो. जिलेटिन हे प्रथिन असल्याने प्रथिनपाचक विकराने, म्हणजे एन्झाइमनेही ते सुटते. वेळ अधिक लागतो, पण दाहक क्षार टळतो आणि प्लॅस्टिकचा पत्रा स्वच्छ निघतो. गाळ धुऊन नायट्रिक आम्लात विरघळविला की सिल्व्हर नायट्रेट मिळते. या वेळी निघणारा तांबूस वायू फुप्फुसांस अत्यंत घातक असतो व त्याचा परिणाम काही तासांनंतरही उद्भवतो. धुराड्याची सोय नसलेल्या खोलीत हे काम करणे म्हणजे आपण होऊन संकट ओढवून घेणे होय.

नायट्रेटच्या या द्रावात शुद्ध मिठाचे पाणी घातले, की सिल्व्हर क्लोराइडचा दह्यासारखा पांढरा साका पडतो. तांबे, लोह, जस्त व कॅडमियम द्रावातच राहतात. शिसे मात्र काही प्रमाणात साक्याबरोबर येते. लेड क्लोराइड उकळत्या पाण्यात विरघळते व सिल्व्हर क्लोराइड विरघळत नाही. म्हणून साका उकळत्या उर्ध्वपातित पाण्याने अनेक वेळा धुवावा लागतो. शेवटी सोडियम हायड्रॉक्साइड व ग्लुकोज यांच्या साहाय्याने क्लोराइडची धातुरूप चांदी करतात. ही पायरी गाळून सरळ गाळापासूनच 'औषधी चांदी' मिळाली असे कोणी सांगत असेल, तर त्या चांदीत काय आहे हे त्यालाही ठाऊक नाही, असे समजावे.

फिक्सरमधील चांदीसाठी तीन उपाय रूढ आहेत. विद्युत्प्रवाहाने ती पत्र्यावर जमविता येते. बारीक स्टील वूलमधून फिक्सर हळूहळू सोडल्यास लोह विरघळते व त्याच्या जागी चांदी बसते. येथे साधे लोखंडी वूल लागते, भांडी घासण्याची स्टेनलेस स्टीलची घासणी चालत नाही. तिसरा उपाय सोडियम सल्फाइडचा. तो स्वस्त आहे, आणि चांदी जवळजवळ पूर्णपणे काळ्या सिल्व्हर सल्फाइडच्या रूपाने खाली बसते. फिक्सर मात्र बहुधा आम्लधर्मी असतो. तो आधी क्षारधर्मी न करता त्यात सल्फाइड घातल्यास हायड्रोजन सल्फाइड हा प्राणघातक वायू निघतो. या काळ्या सल्फाइडकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे, कारण आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने सर्वांत मोठा मोह त्यातच दडला आहे.

रसशास्त्राची दृष्टी

अशुद्ध द्रव्यातून शुद्ध रजत काढणे ही कल्पना आपल्याला नवी नाही. रसरत्नसमुच्चयात रजताचे सहज, खनिज व कृत्रिम असे तीन प्रकार सांगितले आहेत. जड, मृदू, स्निग्ध, तापविल्यावर व कापल्यावर पांढरे दिसणारे रजत ग्राह्य मानले आहे. त्याच ग्रंथात शुद्धीची एक रीत आहे : खापरात राख व चुना यांची पाळी करून तीत समभाग शिशासह रजत ठेवावे आणि शिसे नाहीसे होईपर्यंत धमन करावे. शिशाचे ऑक्साइड इतर हीन धातूंना बरोबर घेऊन राखेत शोषले जाते व चांदी मागे उरते. जगभरच्या टांकसाळींत शतकानुशतके हीच प्रक्रिया चालत आली आहे. ग्रंथकाराने द्रव्याच्या उगमापेक्षा ग्राह्य लक्षणे व शोधन यांवर भर दिला, हे येथे लक्षात घ्यावे. फिल्ममधून आलेली चांदी केवळ फिल्ममधून आली म्हणून त्याज्य ठरत नाही.

परंतु याच रीतीने शुद्ध केलेल्या चांदीत शिशाचा अंश उरू शकतो. शिशाची दशलक्ष भागांतील मोजणी ही ग्रंथकाराच्या हातातील गोष्ट नव्हती. आपल्या हातातील आहे. तसेच तैल, तक्र, गोमूत्र, कांजी व कुलत्थक्वाथ यांतील सात-सात वेळचे सामान्य शोधन म्हणजे मिश्रधातूतील शिसे वा कॅडमियम वेगळे करण्याची क्रिया होय, असे गृहीत धरू नये. शोधन हा संस्कार आहे. आधी द्रव्य ग्राह्य असावे, मग त्यावर संस्कार करावा, हा क्रम शास्त्रानेच घालून दिला आहे.

पुण्यातील संशोधन आणि सूक्ष्मकण

चांदीच्या जंतुघ्न उपयोगाला मोठा इतिहास आहे. लाइपझिग येथील क्रेडे या प्रसूतितज्ज्ञाने १८८० च्या सुमारास नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्याची पद्धत सुरू केली आणि जन्मतःच येणाऱ्या अंधत्वाचे प्रमाण झपाट्याने उतरले. १८८९ मध्ये कॅरी ली याने सायट्रेटच्या साहाय्याने चांदीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगते ठेवले. आज ज्याला नॅनो म्हणतात ते वस्तुतः एवढे जुने आहे. १९६८ मध्ये फॉक्स याने सिल्व्हर सल्फाडायाझिन पुढे आणले आणि जळालेल्या रुग्णांच्या कक्षात ते पांढरे मलम घरोघरच्या हळदीइतके परिचयाचे झाले.

अब्जांश कणांच्या आधुनिक संशोधनात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने प्रथम बुरशीच्या व नंतर वनस्पतींच्या साहाय्याने असे कण तयार केले. कडुनिंबाच्या पानांच्या काढ्याने सोने व चांदी यांचे कण केल्याचा त्यांचा निबंध २००४ चा आहे. अमरावती विद्यापीठातील महेंद्र राय व सहकारी यांनी २००९ मध्ये रजतकणांच्या जंतुघ्न गुणांचा विस्तृत आढावा घेतला. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर व सहकाऱ्यांनी ७ ते २० नॅनोमीटर आकाराचे कण वापरून त्वचेवर लावावयाचे जेल विकसित केले व ते काम २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सिल्व्हर सल्फाडायाझिनच्या बाजारातील मलमाइतकीच जंतुघ्न व्याप्ती त्या जेलमध्ये सुमारे तीसपट कमी चांदीत मिळाली, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी पुण्यातील टाटा संशोधन केंद्रात विकसित झालेले, भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे कण बसविलेले जलशुद्धियंत्र बाजारात आले. तेथे टाकाऊ वस्तू होती ती तुसाची राख, चांदी नव्हे. टाकाऊतून औषधी वस्तू निर्माण करण्याचे हे उदाहरण फिल्मच्या उदाहरणापेक्षा मला अधिक शहाणपणाचे वाटते.

वनस्पतीच्या काढ्याने कण करण्याची रीत दिसावयास फारच सोपी असते. एक मिलिमोलर, म्हणजे लिटरमागे सुमारे १७० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात पानांचा काढा मिसळला की काही वेळात द्राव पिवळसर व मग तपकिरी होतो. प्रकाशशोषणाच्या आलेखात ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान शिखर दिसते. या सोपेपणामुळेच फसगत होते. नुसता रंग आला म्हणजे औषध झाले असे नव्हे. कणांचा आकार, न बदललेले नायट्रेट, काढ्यातील सेंद्रिय द्रव्य आणि काही दिवसांनी कण एकत्र येऊन बसणारा गाळ, यांपैकी काहीही डोळ्यांना दिसत नाही. मराठवाड्यातील अनेक बोअरचे पाणी जड व क्षारयुक्त असते. त्यात नायट्रेट घातल्याबरोबर पांढुरके धुके येते. ते सिल्व्हर क्लोराइड असते, अब्जांश कण नव्हेत. आणि असा द्राव उन्हात ठेवला की करडा-जांभळा पडतो. त्यात 'रंगबदल झाला' म्हणून समाधान मानणारे भेटतात. काढाही ताजाच हवा. परभणीच्या वैशाखात दुपारपर्यंत ठेवलेला काढा आंबतो, आणि मग जंतुघ्न म्हणून केलेल्या द्रावातच बुरशी धरते.

भस्म आणि सूक्ष्मकण एक नव्हेत

'आमचे भस्म म्हणजेच नॅनो-औषध' हे वाक्य परिसंवादांतून वारंवार ऐकू येते. त्यातील अभिमान समजण्यासारखा आहे, परंतु रजताच्या बाबतीत ते तपासून घ्यावे लागेल.

रजतपत्र, पारद अथवा हिंगूळ आणि गंधक यांच्यासह मर्दन करून पुटे दिलेल्या रजतभस्माचे क्ष-किरण विवर्तनाने परीक्षण केले असता त्यात मुख्यत्वे सिल्व्हर सल्फाइड आढळते. काही कण अब्जांश आकाराचे असतात, पुष्कळ त्याहून मोठे व एकमेकांस चिकटलेले असतात. याउलट जंतुघ्न जेलमधील कण धातुरूप चांदीचे असतात. त्यांच्या पृष्ठभागावरून चांदीचे आयन सुटतात आणि मुख्यतः हेच आयन जंतूंच्या पटलास व विकरांस बाधा करतात. सिल्व्हर सल्फाइड हे पाण्यात अत्यंत कमी विरघळणाऱ्या संयुगांपैकी एक आहे. त्यातून आयन जवळजवळ सुटतच नाहीत. यास्तव जंतुघ्न म्हणून धातुरूप कणांवर झालेले प्रयोग रजतभस्माच्या समर्थनार्थ पुढे करणे शास्त्रीय दृष्ट्या टिकत नाही. रजतभस्म आपण मेध्य, वयःस्थापन, प्रमेह व क्षय यांच्या चिकित्सेतील कल्प म्हणून देतो. त्याची फलश्रुती त्याच्याच वाटेने सिद्ध व्हावी.

उलट बाजूनेही हेच दिसते. निश्चंद्र, अपुनर्भव व निरुत्थ या भस्मपरीक्षा धातुरूप सूक्ष्मकणांस लावून पाहाव्या. निरुत्थ परीक्षेत वजन केलेल्या चांदीच्या तुकड्याबरोबर भस्म तापवितात व तुकड्याचे वजन वाढत नाही ना, हे पाहतात. चांदीचे सूक्ष्मकण चांदीबरोबर तापविले तर ते तिच्यातच मिळणार आणि वजन वाढणार. म्हणजे शास्त्राच्या स्वतःच्या कसोटीने नॅनो-रजत हे भस्म नव्हे. ते मृत नसून केवळ बारीक केलेले रजत आहे.

आता फिक्सरमधील काळ्या गाळाकडे वळू. सोडियम सल्फाइडने खाली बसलेला तो गाळ वाळविला व खलात घोटला, तर काळा, मऊ, रेखापूर्ण असा दिसतो, आणि विवर्तन परीक्षणात त्याचे चिन्हही सिल्व्हर सल्फाइडचेच येते. म्हणजे घाऊक बाजारात रजतभस्म म्हणून तो खपवावयाचा झाला, तर रंग, स्पर्श आणि एक यंत्रपरीक्षा, तिन्ही फसू शकतात. त्यात थायोसल्फेटचा अंश असतो, फिल्मबरोबर आलेल्या डेव्हलपरमधील हायड्रोक्विनोनासारखी द्रव्ये असतात, फिक्सरमध्ये जिलेटिन घट्ट करण्यासाठी घातलेले ॲल्युमिनियमचे वा क्रोमियमचे क्षार असतात. शोधन नाही, भावना नाही, पुट नाही. अत्यंत स्वस्त दराने येणारे रजतभस्म विकत घेताना या शक्यतेचा विचार केलाच पाहिजे. ज्या फार्मसीचे रजतभस्म शुद्ध चांदीच्या बाजारभावापेक्षाही स्वस्त पडते, तिला एकच प्रश्न विचारावा : आपण चांदी कोठून आणता?

दोन मिलिग्रॅमचा हिशेब

टाकाऊ चांदीच्या बाजूने मुख्य युक्तिवाद किमतीचा असतो. म्हणून हिशेबच मांडून पाहू.

एक टक्का सिल्व्हर सल्फाडायाझिनच्या मलमात ग्रॅममागे १० मिलिग्रॅम औषध असते व त्यातील चांदी सुमारे ३ मिलिग्रॅम भरते. आघारकर संस्थेच्या जेलमध्ये तीसपट कमी, म्हणजे ग्रॅममागे सुमारे ०.१ मिलिग्रॅम. वीस ग्रॅमच्या ट्यूबमध्ये एकूण चांदी झाली २ मिलिग्रॅम. एक ग्रॅम चांदीत ५०० ट्यूब होतात. एक किलो फिल्ममधून १० ग्रॅम मिळाली असे धरले, तर ५,००० ट्यूब. चांदीचा भाव कितीही चढो, एका ट्यूबमागे तिचा खर्च रिकाम्या ट्यूबच्या खर्चापुढे नगण्य आहे. खर्च येतो तो कणांच्या आकाराची मोजणी, निर्जंतुकता, स्थैर्य आणि विषाक्तता यांच्या परीक्षणांवर. आणि चांदी अशुद्ध असल्यास हाच खर्च वाढतो. म्हणजे जेथे बचत होत नाही तेथेच अशुद्धीचा धोका पत्करावयाचा, असा हा व्यवहार आहे.

रजतभस्माचा हिशेब वेगळा. तेथे चांदी शेकडो ग्रॅममध्ये लागते व तिची किंमत खरोखर जाणवते. परंतु तेथे द्रव्य पोटात जाते, महिनोन् महिने दिले जाते, आणि म्हणून शुद्धीचा आग्रह अधिक कडक हवा.

मग फिल्ममधून चांदी काढूच नये काय? अवश्य काढावी. ती गटारातून दुधना, पूर्णा वा गोदावरीत जाण्यापेक्षा परत व्यवहारात यावी, यात राष्ट्रीय हित आहे. मात्र ती काढून शुद्ध करणाऱ्याकडे द्यावी, त्याने ती ९९९ शुद्धतेपर्यंत न्यावी, आणि औषधनिर्मात्याने तिथून परीक्षणपत्रासह विकत घ्यावी. खामगाव वा मुंबई येथील पेढीवरून घेतलेल्या चांदीतही पूर्वी कोणाची तरी फिल्म वितळलेली असू शकेल. शुद्धीकरणानंतर त्याने काही बिघडत नाही.

वापरातील सावधगिरी

चांदी निरुपद्रवी आहे हा समज दूर करणे आवश्यक आहे. दीर्घकाळ पोटात घेतलेल्या चांदीने त्वचा व डोळ्यांचा पांढरा भाग निळसर-राखी होतो आणि हा रंग पुन्हा जात नाही. पेयजलासंबंधीच्या मार्गदर्शनात जागतिक आरोग्य संघटनेने आयुष्यभरात एकूण सुमारे १० ग्रॅमपर्यंतच्या सेवनाने अपाय आढळत नाही, असे मानले आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये चिठ्ठीविना विकले जाणारे, चांदीचे तरल कण असलेले पदार्थ सुरक्षित व परिणामकारक मानता येत नाहीत, असा निर्णय दिला. 'रोज एक चमचा नॅनो-रजतजल' अशा सल्ल्याला आपल्या चिकित्सालयात स्थान असू नये.

जंतू चांदीलाही सरावतात. १९७५ मध्ये बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या दग्धकक्षात, सिल्व्हर नायट्रेटचा उपचार चालू असताना, चांदीस न जुमानणारे साल्मोनेला जंतू आढळले. तीन रुग्ण दगावले. पुढे हा प्रतिकार एका जंतूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या प्लास्मिडवर असल्याचे स्पष्ट झाले. प्रत्येक खरचटण्यावर, साबणात, मोज्यात चांदी घालण्याच्या हौसेची ही किंमत आहे. मधुमेही रुग्णाच्या पायाच्या व्रणाला ज्या दिवशी खरोखर चांदीची गरज पडेल, त्या दिवशी ती निकामी ठरलेली असू नये.

वैद्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. शल्यचिकित्सकाने चांदीयुक्त पट्टी लावलेला रुग्ण आपल्याकडे आला, तर ती पट्टी भिजविण्यासाठी सलाइन किंवा सैंधवाचे पाणी वापरू नये. त्यातील क्लोराइडने चांदीचे आयन अडकून पडतात. निर्जंतुक पाणी वापरावे. तसेच पट्टीखाली तैल वा घृताचा थर दिल्यास आयन व्रणापर्यंत पोहोचत नाहीत. जात्यादि तैल वापरावयाचे असेल तर ते वापरावे, चांदीची पट्टी असेल तर ती असू द्यावी. एकाच व्रणावर दोन्ही एकदम करू नयेत. पंचवल्कल क्वाथाने धावन करावयाचे ते पट्टी बदलण्याच्या वेळी, आणि त्यानंतर व्रण निर्जंतुक पाण्याने धुऊन.

कायद्याची चौकट

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४० नुसार आयुर्वेदीय औषध म्हणजे पहिल्या परिशिष्टातील ग्रंथांच्या पाठानुसार केलेले औषध. स्वामित्व औषधातील घटकही त्याच ग्रंथांतील पाठांत आलेले असावे लागतात. रसरत्नसमुच्चय व रसतरंगिणी त्या यादीत आहेत, म्हणून रजतभस्म बसते. नायट्रेटपासून केलेले धातुरूप कण कोणत्याही पाठात नाहीत, मग काढा कडुनिंबाचा असो वा निर्गुंडीचा. आयुर्वेदीय परवान्यावर ते विकता येत नाहीत. नॅनो-औषधांच्या मूल्यमापनासाठी भारतात २०१९ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आहेत. ज्यांना हे काम करावयाचे असेल त्यांची वाट तीच.

कचऱ्याच्या बाजूने पाहता, जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत क्ष-किरण फिल्मसाठीचा चांदीयुक्त द्रव पिवळ्या वर्गातील रासायनिक द्रवात मोडतो. त्यातून उपयुक्त द्रव्य काढून घेतल्यावर उरलेल्या द्रवावर प्रक्रिया करूनच तो सांडपाण्यात सोडावयाचा असतो. फिल्मवर रुग्णाचे नाव व वय असते, हेही विसरू नये. गठ्ठा भंगारात देण्यापूर्वी ती पट्टी कापून काढण्याची काळजी किती ठिकाणी घेतली जाते, हे प्रत्येकाने आपल्या गावी पाहावे.

खरेदीच्या वेळी करावयाची परीक्षा

औषधी द्रव्याची ओळख पटविणे व नोंद ठेवणे हे शेड्यूल 'टी' नुसार बंधनकारकच आहे. चांदीच्या प्रत्येक खेपेचे परीक्षणपत्र मागावे, व त्यात चांदीच्या शेकडेवारीबरोबरच शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक व तांबे यांचे आकडे स्वतंत्रपणे दिलेले असावेत. नुसते '९९.९' लिहिलेले पत्र पुरेसे नाही, कारण उरलेल्या ०.१ टक्क्यात किलोमागे एक ग्रॅम शिसे बसू शकते. कसोटीचा दगड येथे निरुपयोगी आहे.

पत्र येईपर्यंत प्राथमिक चाचणी फार्मसीच्या प्रयोगशाळेत करता येते. एक ग्रॅम चांदी धुराड्याखाली, सौम्य केलेल्या शुद्ध नायट्रिक आम्लात विरघळवावी. द्राव निळसर दिसल्यास तांबे आहे. मिठाचे पाणी घालून साका पाडावा, गाळून घ्यावा व त्यावर उकळते उर्ध्वपातित पाणी ओतावे. ते पाणी वेगळे धरून थंड होऊ दिल्यावर पांढऱ्या सुया दिसल्या, तर शिसे आहे. मग साक्याच्या थोड्या भागावर अमोनिया घालावा. सिल्व्हर क्लोराइड पूर्ण विरघळून द्राव स्वच्छ झाला पाहिजे. पांढरे गढूळपण उरल्यास पुन्हा शिशाचा संशय घ्यावा, आणि साका काळा पडल्यास पाऱ्याचा. मात्र गरम आम्लात पारा अशा अवस्थेत जातो की ही खूण दिसेलच असे नाही. कॅडमियम या चाचणीत मुळीच दिसत नाही, त्यासाठी यंत्रपरीक्षाच हवी. अमोनिया घातलेला चांदीचा द्राव एक तासही ठेवू नये. त्यातून स्फोटक संयुग तयार होते व ते नुसत्या धक्क्यानेही फुटते. चाचणी संपताच त्यात नायट्रिक आम्ल घालून तो आम्लधर्मी करावा आणि चांदीच्या इतर उरलेल्या द्रावांच्या बाटलीत ओतावा. ती बाटली भरल्यावर तीतील चांदीही मिठाच्या पाण्याने परत मिळते.